एलसीएसडब्ल्यू म्हणजे नक्की कोण, आणि फोन केला तर उचलतं का कुणी? (न्यू जर्सी)

निशाचर

नमस्कार मंडळी, दोन वर्षं नुसती वाचतेय इथे, आज पहिल्यांदाच लिहितेय त्यामुळे लांबलं तर सांभाळून घ्या.

मी जर्सीत, एच-४ वर (नवऱ्याच्या नोकरीच्या व्हिसामुळे बायकोला मिळतो तो व्हिसा), इन्शुरन्स नवऱ्याच्या कंपनीचा. मार्चमध्ये माझे बाबा गेले, तिकडे. व्हिसा स्टॅम्पिंगच्या भानगडीत मला जाता आलं नाही. दहावा, तेरावा सगळं व्हिडिओ कॉलवर बघितलं. बघितलं म्हणजे काय, कुणीतरी फोन तांब्याला टेकवून ठेवला होता तो घसरला आणि पुढचा अर्धा तास मला नुसता पंखा आणि छत दिसत होतं, आवाज तेवढा येत होता, आणि सांगायचं तरी कुणाला की फोन सरळ करा. तेव्हापासून झोपेचं खोबरं झालंय. पहाटे तीनला डोळे टक्क उघडे. स्वयंपाक करताना गॅस चालू ठेवून दुसऱ्या खोलीत जाऊन बसते. मुलीवर उगाच खेकसते.

फॅमिली डॉक्टरकडे गेले, तिने थायरॉइड, बी१२, सगळं बघितलं, नॉर्मल. मग म्हणाली तुला गोळ्यांच्या आधी कुणाशीतरी बोलायची गरज आहे, आणि हातात एक कागद दिला, त्यावर सहा नावं आणि प्रत्येकापुढे एलसीएसडब्ल्यू. घरी येऊन शोधलं तर लायसन्स्ड क्लिनिकल सोशल वर्कर. आता खरं सांगते, सोशल वर्कर म्हटलं की माझ्या डोळ्यासमोर थेट झोळी, खादीचा कुर्ता आणि रक्तदान शिबिर येतं. नाहीतर इथल्या सिनेमात घरी येऊन मुलं घेऊन जातात ती बाई. त्यामुळे पहिला प्रश्न हा की हे लोक खरंच थेरपी करतात का की डॉक्टरने मला वरवर कटवलंय?

दुसरं म्हणजे सहाही नंबर फिरवले. दोन बंद. एकीचा मेलबॉक्स फुल. एकाने उचलला पण तो म्हणे तुमचा इन्शुरन्स घेणं कधीच बंद केलं. उरलेल्या दोघांना मेसेज ठेवलाय, आज नववा दिवस. मेसेजमध्ये काय बोलावं तेही कळेना, मी म्हणाले हॅलो मला अपॉइंटमेंट हवी होती थँक्यू, आणि ठेवून दिला, नंतर लक्षात आलं नंबरच सांगितला नाही.

तिसरं, मराठी बोलणारं कुणी मिळेल का? मन लागत नाही हे इंग्लिशमध्ये सांगायचं कसं हो?

---

आगाऊ_बोका

ताई सगळं ठीक आहे पण आपल्याकडे आधी असलं काही होतं का? सकाळी उठून चालायला जा, प्राणायाम करा, चार मैत्रिणींना जेवायला बोलवा. इथे तासाला दोनशे डॉलर देऊन बोलायचं म्हणजे कमाल आहे.

---

मीराची_आई

बोकोबा, तिने सल्ला कशावर मागितलाय आणि तुम्ही देताय कशावर. आपल्याकडे आधी मावश्या-आत्या महिनाभर घरात मुक्कामाला यायच्या, ते होतं. इथे कोण येतंय? मैत्रिणींना जेवायला बोलवलं तर भांडी पण हिलाच घासायची.

निशाचर, खूप वाईट वाटलं गं. त्या पंख्याचं वाचून पोटात तुटलं. माहीतगार लोक येतीलच, धागा वर राहावा म्हणून लिहितेय. आणि ते गॅसचं नवऱ्याला सांगून ठेव.

---

शाल्मली_बॉस्टन

निशाचर, मी स्वतः याच धंद्यातली आहे, त्यामुळे जरा सविस्तर लिहिते. आधी हे की डॉक्टरने कटवलेलं नाही. अमेरिकेत टॉक थेरपी देणाऱ्यांमध्ये क्लिनिकल सोशल वर्कर्सचा वाटा फार मोठा आहे, सायकॉलॉजिस्ट आणि सायकियाट्रिस्ट त्यामानाने कमीच. आम्ही दोन वर्षांचं एमएसडब्ल्यू, म्हणजे सोशल वर्कमधलं मास्टर्स, करतो, त्यातच कमीत कमी ९०० तास फील्डवर काम असतं, मग एएसडब्ल्यूबीची (सोशल वर्क बोर्डांची संघटना) क्लिनिकल परीक्षा, आणि स्वतंत्र लायसन्स मिळण्याआधी कुणा सीनियरच्या देखरेखीखाली हजारो तास, कॅलिफोर्नियात उदाहरणार्थ ३००० तास. निदान करू शकतो, थेरपी करू शकतो. गोळ्या लिहून देऊ शकत नाही, त्यासाठी सायकियाट्रिस्ट किंवा नर्स प्रॅक्टिशनर. झोळी माझ्याकडे आहे पण ती भाजी आणायला.

आता अक्षरांची गंमत, कारण यात शिकलेसवरलेले लोकही फसतात. प्रत्येक राज्याची अक्षरं वेगळी. तुमच्या जर्सीत तीन पायऱ्या आहेत: सीएसडब्ल्यू (सर्टिफाइड सोशल वर्कर), एलएसडब्ल्यू (लायसन्स्ड सोशल वर्कर) आणि एलसीएसडब्ल्यू. एलसीएसडब्ल्यू म्हणजे स्वतंत्र प्रॅक्टिस करू शकणारी व्यक्ती. एलएसडब्ल्यू पण थेरपी देते पण सुपरव्हिजनखाली. आमच्या मॅसेच्युसेट्समध्ये मात्र एलसीएसडब्ल्यू ही खालची पायरी आणि स्वतंत्र लायसन्स म्हणजे एलआयसीएसडब्ल्यू. म्हणजे राज्य ओलांडलं की तीच चार अक्षरं वेगळ्या अर्थाची. मेरीलँडमध्ये शेवटी सी लागतो, ओहायोत एलआयएसडब्ल्यू. हे पाठ करायची गरज नाही, तू जर्सीत आहेस तर तेवढंच बघ.

सुपरव्हिजनवाली म्हणजे कमअस्सल असं मात्र समजू नकोस. नवीन असते, वेळ असतो तिच्याकडे, फी बऱ्याचदा कमी असते आणि तिच्या मागे एक अनुभवी डोकं बसलेलं असतं. दुःखावर काम करायला वीस वर्षांचा अनुभव लागतोच असं नाही. फक्त तिने ते आपणहून सांगायला हवं, लपवलं तर तिथेच थांब.

लायसन्स तपासायचं असेल तर फुकट आणि दोन मिनिटांचं काम. जर्सीच्या डिव्हिजन ऑफ कन्झ्युमर अफेअर्सच्या साइटवर लायसन्स शोधायची सोय आहे, सोशल वर्कचा बोर्ड त्यांच्याच खाली येतो. आडनाव टाकलं की लायसन्सचा प्रकार, चालू आहे का संपलं, कारवाई झालीय का, दिसतं. तुमच्याकडे एलसीएसडब्ल्यूचा नंबर ४४एससी ने सुरू होतो आणि एलएसडब्ल्यूचा ४४एसएल ने, त्यामुळे नुसत्या नंबरावरून पण कळतं.

व्हिडिओवर भेटणार असशील तरी लायसन्स तू जिथे बसली आहेस त्या राज्याचं लागतं, थेरपिस्ट कुठे बसलीय ते नाही. म्हणजे कॅलिफोर्नियातली छान मराठी बाई सापडली आणि तिच्याकडे जर्सीचं लायसन्स नसेल तर ती तुला घेऊ शकत नाही. तिचा तुटकपणा नाही तो, कायदा तसा आहे.

मेसेजला उत्तर येत नाही त्याबद्दल आमच्या जमातीतर्फे माफी मागते. कारण सांगते, सबब म्हणून नाही. बहुतेक जण एकटे प्रॅक्टिस करतात, रिसेप्शनिस्ट नाही, दिवसभर एकामागे एक सेशन, फोन सायलेंटवर. संध्याकाळी आठला व्हॉइसमेल ऐकते मी, त्यात निम्म्यांनी नंबर पुटपुटलेला असतो, आणि तू म्हणतेस तसा काहींनी दिलेलाच नसतो. म्हणून ईमेल किंवा त्यांच्या साइटवरचा फॉर्म बरा.

---

हडसनपार

मी स्वतः गेल्या वर्षी या सगळ्यातून गेलोय (ले-ऑफ, मग पॅनिक अटॅक, असो), तर पेशंटच्या बाजूने लिहितो.

सर्वात आधी नवऱ्याच्या कंपनीत ईएपी आहे का बघा, एम्प्लॉयी असिस्टन्स प्रोग्रॅम. बऱ्याच मोठ्या कंपन्यांत असतो आणि कुणालाच माहीत नसतो, घरच्यांनाही बहुधा चालतो, काही सेशन पूर्ण फुकट मिळतात आणि मुख्य म्हणजे थेरपिस्ट शोधायचं काम ते करतात. मला चार दिवसात नाव मिळालं. फक्त एक विचारून घ्या की फुकटची सेशन संपल्यावर तीच व्यक्ती इन्शुरन्समधून पुढे चालू ठेवता येईल का, नाहीतर सगळी कहाणी पुन्हा पहिल्यापासून सांगायची, ते फार जिवावर येतं.

ईएपी नसेल तर इन्शुरन्स कार्डाच्या मागे बिहेव्हियरल हेल्थचा बऱ्याचदा वेगळा नंबर असतो, पुढचा नाही मागचा. तिथे फोन करून सांगा की मला नवीन पेशंट घेणाऱ्या पाच एलसीएसडब्ल्यूंची नावं द्या. नवीन पेशंट घेणारे, हे शब्द महत्त्वाचे. त्यांची ऑनलाइन यादी म्हणजे भूतबंगला आहे, त्यात गेलेली, रिटायर झालेली, पत्ता बदललेली सगळी नांदतात. माझ्या यादीतला एक नंबर पिझ्झाच्या दुकानाला लागला, शप्पथ. तारीख, बोलणाऱ्याचं नाव आणि कॉलचा रेफरन्स नंबर लिहून ठेवा. तुम्ही दहा ठिकाणी फोन केले आणि नेटवर्कमधलं, म्हणजे इन्शुरन्सशी करार असलेलं, कुणीच मिळालं नाही याची नोंद असेल तर गॅप एक्सेप्शन मागता येतं, म्हणजे बाहेरच्याकडे जा पण दर नेटवर्कचा लावा. देतीलच असं नाही पण मागितल्याशिवाय तर नक्कीच देत नाहीत.

आणि एकेकाला मेसेज करून उत्तराची वाट बघत बसू नका हो. पोरगी बघायला गेल्यासारखं एका ठिकाणी होकार-नकार कळेपर्यंत थांबायचं नसतं. एकदम सात-आठ जणांना पाठवा. मी तोच मेसेज सगळ्यांना चिकटवला होता, साधारण असा:

नाव, वय, जर्सीत राहते. अमुक इन्शुरन्स, तमुक प्लॅन, मी डिपेंडंट. मार्चमध्ये वडील गेले, झोप आणि चिडचिड याचा त्रास, डॉक्टरने पाठवलंय. वीकडेला सकाळी दहा ते दोन वेळ आहे, व्हिडिओ किंवा प्रत्यक्ष दोन्ही चालेल. नवीन पेशंट घेताय का? नसाल तर कुणाचं नाव सुचवाल का? हा नंबर, व्हॉइसमेल ठेवला तरी चालेल.

एवढंच. सहा ओळी. आयुष्याची गोष्ट नका लिहू, ती पहिल्या सेशनला. शेवटचा प्रश्न, कुणाचं नाव सुचवाल का, यानेच माझं काम झालं. नाही म्हणणाऱ्या बाईने दोन नावं दिली त्यातला दुसरा आज माझा थेरपिस्ट आहे.

फोन आलाच तर बहुतेक जण दहा-पंधरा मिनिटं फुकट बोलतात. पैशाचं तिथेच विचारा, लाजू नका. कोपे (दर भेटीला आपण द्यायची ठरावीक रक्कम) किती, डिडक्टिबल (इन्शुरन्स सुरू होण्याआधी वर्षात आपण भरायची रक्कम) संपलंय का (जानेवारीत बऱ्याच प्लॅनचं शून्यावर येतं, तेव्हा पहिली काही सेशन पूर्ण खिशातून जातात), कॅन्सल केलं तर किती आधी कळवायचं. इन्शुरन्स घेत नसतील तर सुपरबिल, म्हणजे आपण इन्शुरन्सकडे पैसे परत मागायला पाठवतो ते तपशीलवार बिल, देतील का. आणि पूर्ण स्वतःच्या पैशाने जात असाल तर २०२२ पासून त्यांनी अंदाजे खर्च लेखी द्यायचा कायदा आहे, गुड फेथ एस्टिमेट म्हणतात, बिल त्याच्यापेक्षा ४०० डॉलर किंवा जास्त वाढलं तर तक्रार करता येते.

बोका साहेब, दोनशे काय, मला सेशनला ३० डॉलर कोपे पडतो.

---

निशाचर

बाप रे, एवढं कुणी लिहील असं वाटलं नव्हतं. ईएपीचं आजच विचारते. पण अजून तीन शंका आहेत, थोड्या विचित्र आहेत.

एक, नवऱ्याला माहीत आहे की मी जाणार आहे, पण मी तिथे काय बोलते ते त्याच्या इन्शुरन्सच्या कागदावर येणार का? त्यात सासूबाईंचाही उल्लेख होईल हो, खोटं कशाला बोला. दोन, आमचं ग्रीन कार्डचं काम चालू आहे, एक मैत्रीण म्हणाली थेरपीची नोंद झाली की अडकतं. तीन, देसी थेरपिस्ट मिळाली आणि तीच मंडळाच्या गणपतीत समोर आली तर?

---

शाल्मली_बॉस्टन

विचित्र अजिबात नाहीत, माझ्या प्रत्येक देसी क्लायंटने हेच विचारलंय, बऱ्याचदा याच क्रमाने.

इन्शुरन्सचा कागद, ईओबी, ज्याच्या नावावर पॉलिसी त्याच्याकडे जातो. त्यावर थेरपिस्टचं नाव, तारीख, सेवेचा प्रकार आणि रक्कम असते. काय बोललात ते नसतं. कंपनीकडे मात्र एक निदानाचा कोड जातो, त्याशिवाय क्लेम पास होत नाही, तुझ्यासारख्या प्रसंगात बऱ्याचदा अ‍ॅडजस्टमेंट डिसऑर्डरसारखं (मोठ्या धक्क्याशी जुळवून घेताना होणारा त्रास) काहीतरी लिहिलं जातं. मी सेशनबद्दल माझ्यासाठी वेगळ्या वहीत जे लिहिते त्याला हिपामध्ये (पेशंटची माहिती गुप्त ठेवण्याचा कायदा) वेगळं, जास्त कडक संरक्षण आहे. सासूबाई सुरक्षित आहेत. कुणाला घरातूनच धोका असेल तर ईओबी दुसऱ्या पत्त्यावर पाठवा अशी विनंती इन्शुरन्सला करता येते. शिवाय १९९६ साली जॅफी विरुद्ध रेडमंड खटल्यात सुप्रीम कोर्टाने थेरपिस्टशी झालेलं बोलणं फेडरल कोर्टातसुद्धा उघड करायला भाग पाडता येत नाही असं ठरवलं, आणि गंमत म्हणजे त्या खटल्यातली थेरपिस्ट सायकियाट्रिस्ट नव्हती, क्लिनिकल सोशल वर्करच होती! आमच्या वर्गात हे शिकवताना प्रोफेसरबाईंची मान दोन इंच वर गेली होती. अपवाद आहेत: स्वतःच्या किंवा दुसऱ्याच्या जिवाला धोका, किंवा लहान मुलांशी गैरवर्तन, तिथे आम्हाला गप्प बसता येत नाही. हे पहिल्याच सेशनला ती सांगेल, नाही सांगितलं तर विचार.

ग्रीन कार्ड: मी वकील नाही, तुमच्या वकिलाला एक ईमेल टाकच. पण कायद्यात जी अडचण आहे ती मानसिक आजार आणि त्याच्याशी जोडलेलं घातक वर्तन अशी दोन्ही मिळून आहे. वडील गेल्यावर थेरपिस्टकडे गेले, हे त्यात बसत नाही.

आणि मंडळ. आमचा नियम असा की बाहेर भेटलो तर मी आधी ओळख दाखवत नाही. तू हसलीस तर मी हसेन, तू प्रसादाची ओंजळ पुढे करून निघून गेलीस तर मीही पुढच्या माणसाकडे वळेन. मी हे प्रत्यक्ष केलंय, एकदा हळदीकुंकवाला, दोघी एकाच चटईवर. आधीच ओळखीची असेल, किंवा तुझ्या मैत्रिणीची बहीण, तर मात्र तिने तुला घेऊच नये.

भाषेबद्दल माझं मत थोडं वेगळं आहे. मराठी मिळाली तर सोन्याहून पिवळं, पण तिच्यावर अडून तीन महिने घालवू नकोस. मन लागत नाही हे तू मराठीतच म्हण, आणि मग ते म्हणजे काय हे तिला इंग्लिशमध्ये समजावत बस. समजावताना तुलाच काहीतरी सापडतं. दक्षिण आशियाई लोकांसाठी जर्सीत साम्हिन नावाची संस्था आहे, त्यांच्याकडे थेरपिस्टची यादी आहे, तिथे बघ.

शेवटचं, सगळ्यांसाठीच लिहिते, पहाटे तीनला खूपच अंधारून आलं, जगणं नकोसं वाटलं, तर अपॉइंटमेंटची वाट बघायची नाही. ९८८ या संकटकाळच्या हेल्पलाइनवर फोन किंवा मेसेज, चोवीस तास.

---

मीराची_आई

चटईवरचं वाचून मी गेल्या वर्षीच्या हळदीकुंकवातल्या सगळ्या बायका आठवतेय 😄

---

आगाऊ_बोका

३० डॉलर? बरं. माझी बायको पण बरेच दिवस म्हणतेय. ते कार्डामागच्या नंबरचं काय म्हणालात, पुढचा नाही मागचाच ना?

---

हडसनपार

मागचाच. मेंटल हेल्थ किंवा बिहेव्हियरल हेल्थ असं लिहिलेलं असेल. फोन वहिनींनी स्वतः केलेला बरा, तुम्ही केलात तर तुमच्याशी फार बोलणार नाहीत.

---

निशाचर

अपडेट देते. ईएपी नाहीये, विचारलं. हडसनपार यांचा मेसेज थोडा बदलून सोमवारी रात्री आठ जणांना पाठवला. मंगळवारी दोन नकार आले, पण दोन्ही नीट, एकीने नाव सुचवलं. बुधवारी सकाळी पोळ्या लाटत होते तेव्हा फोन वाजला, अनोळखी नंबर म्हणून घेणारच नव्हते, पिठाच्या हातानेच घेतला. तीच, सुचवलेली. एलएसडब्ल्यू आहे, हे तिने पहिल्याच वाक्यात सांगितलं, सुपरव्हायझरचं नावही दिलं, रात्री दोघींचे नंबर बघितले, एक ४४एसएल आणि एक ४४एससी, दोन्ही चालू. इन्शुरन्स घेतात, कोपे २५.

मराठी नाही येत तिला. मी विचारलं होतं की चालेल का, मला काही गोष्टी इंग्लिशमध्ये सांगता येत नाहीत. तर म्हणाली त्या तशाच सांगा, आपण बघू. मग विचारलं वडील कसे होते, आजारी होते का वगैरे नाही, कसे होते. आणि मला एकदम काही सुचेचना, इतक्या महिन्यांत हे कुणी विचारलंच नव्हतं. मी म्हणाले ते पेपर वाचताना मोठ्याने वाचायचे, घरात कुणी ऐकत असो नसो. पोळी करपली तेवढ्यात.

पुढच्या गुरुवारी अकरा वाजता आहे. आणि पहिल्या यादीतल्या त्या दोघांचा फोन अजून आलेला नाही, आता येऊ नये म्हणजे झालं.